शांतवन हिवराळेचा धुरा

वडनेर भोलजीपासून चार-साडेचार किलोमीटर आत, नदीच्या अंगाला एक गाव आहे. गावात ख्रिस्ती घर एकच, हिवराळ्यांचं. आजोबांच्या काळात ते घर ख्रिस्ती झालं आणि तेव्हापासून गावाने त्या घराला जणू एक काम नेमून दिलं: खरं बोलायचं. कोणाची म्हैस कोणाच्या ज्वारीत शिरली, पहिला हात कोणी उचलला, असा काही तंटा उभा राहिला की दोन्हीकडची माणसं म्हणायची, "हिवराळ्याले इचारा, तो लबाड बोलनार नाही." आजोबा गेल्यावर हे काम प्रभुदासबुवांकडे आलं आणि प्रभुदासबुवा गेल्यावर त्यांच्या एकुलत्या एक मुलाकडे, शांतवनकडे. तीन एकर काळी जमीन वारशाने मिळाली, तसं हेही मिळालं. दोन्हींत जमीन सांभाळणं सोपं होतं.

शांतवन आज त्रेसष्ट वर्षांचा आहे. उंच, वाळलेला, पांढरा सदरा आणि गुडघ्यापर्यंत मातकट झालेला पायजमा. साऱ्या शिवारात ट्रॅक्टर फिरतात, पण याच्या दारात अजून बैलजोडी आहे. लोक हसतात. बायको मार्था तर उघडच म्हणते, "बैलाले गोंजारता तेवढं मले गोंजारलं असतं, तं म्या बी नांगर ओढला असता." मात्र एक गोष्ट साऱ्या गावाला कबूल आहे. नांगराने जमिनीत जी एक रेघ उठते तिला तिथे तास म्हणतात, आणि शांतवनचा तास या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या सुतासारखा सरळ असतो. लोक तो पाहायला येतात. एक जण तर मोबाइलवर फोटो काढून घेऊन गेला.

लोक असं कौतुक करायला लागले की शांतवन बैलांचं काहीतरी काम काढून तिथून सटकायचा.

त्याची गोष्ट फार मागे सुरू होते. प्रभुदासबुवा पेरणीच्या आधी शेताच्या कडेला चपला काढायचे, डोक्याची टोपी काढायचे आणि मोकळ्या आभाळाकडे तोंड करून देवाशी बोलायचे. इकडचं तिकडचं बोलणं असायचं, बैलाचं, बियाण्याचं. पण "प्रभू, तू नीतिमान आहेस" हे वाक्य आलं की त्या दांडग्या माणसाचा आवाज थरथरायचा. सात-आठ वर्षांच्या शांतवनला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. बापाचा आवाज मात्र त्याने ऐकला आणि त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. म्हणजे एवढ्या मोठ्या आभाळात कोणीतरी आहे आणि ते पुरतं सरळ आहे. त्याच्यात कुठे वाकडं नाही, कुठे लपवलेलं नाही, आणि त्याच्यासमोर आपला बापही लहान होतो! पोरगं त्या दिवशी घरी आलं आणि आईला म्हणालं, "माय, मले बी तसं व्हायचं हाये."

"कसं रे?"

"सरळ."

आईने हसून त्याला ताटावर बसवलं. पण ती भूक जेवून भागणारी नव्हती. तो मोठा झाला, लग्न झालं, केस पिकले, तरी ती तशीच राहिली. त्याला स्वर्गाची घाई नव्हती आणि नरकाचा धाकही फारसा नव्हता. एक दिवस, फक्त एक दिवस, आतून-बाहेरून सरळ होऊन त्या देवासमोर उभं राहायला मिळावं, एवढंच त्याला हवं होतं. कधी पहाटे शेतावर गेला आणि नांगरलेल्या काळ्या मातीतून वाफ उठताना दिसली की त्याचे पाय आपोआप थांबायचे. कोणीतरी अगदी जवळ आहे आणि आपण त्याच्याजवळ जायला लायक नाही, असं वाटून त्याचा ऊर भरून यायचा. ते दुःखही नव्हतं आणि आनंदही नव्हता. मार्थाला सांगायला गेला तर तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

पंधरा वर्षांपूर्वी, तूर फुलावर असताना, प्रभुदासबुवांनी अंथरूण धरलं. एका दुपारी त्यांनी मार्थाला बाहेर पाठवलं, मुलाला जवळ बसवलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "शांतवन, धुरा म्या कोरला. कडूबाच्या बापाच्या अंगचा."

वऱ्हाडात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि धुरा कोरणं म्हणजे काय हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नांगरताना शेवटचा तास शेजाऱ्याच्या अंगाला दाबून घ्यायचा. एका साली एकच. फूटभर जमीन कोणाच्या डोळ्यावर येत नाही. पुढच्या साली आणखी एक. दहा वर्षांत धुरा शेजाऱ्याच्या शेतात जाऊन बसतो आणि तो पहिल्यापासून तिथेच होता अशी शपथ घ्यायला चार माणसं मिळतात. या एका फुटापायी सख्खे भाऊ एकमेकांवर कुऱ्हाडी घेऊन धावलेले आहेत.

"काऊन बाबा?" शांतवनच्या तोंडून एवढंच निघालं.

"पह्यल्या साली नांगर आपोआप कलला. म्या सरळ नाही केला. दुसऱ्या साली म्या कलवला." म्हाताऱ्याने भिंतीवर बोटाने एक तिरकी रेघ ओढली. "नऊ तास झाले. वापस कर. पन..."

ते 'पन' पुढे गेलंच नाही. खोकल्याची उबळ आली, मार्था पाणी घेऊन धावली, आणि त्यानंतर दोन दिवस प्रभुदासबुवा काही बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी गेले. मातीला नांदुऱ्याच्या चर्चचे पाळकसाहेब आले, तिथली मंडळी आली, सारं गाव आलं. पाळकसाहेब म्हणाले, "आज आपल्यातून एक नीतिमान माणूस गेला." धुऱ्यापलीकडचा कडूबा मूठभर माती टाकून ढसाढसा रडला. शांतवनच्या डोळ्यातून टिपूस निघालं नाही. लोकांना वाटलं, केवढा हा विश्वास!

हा कडूबा म्हणजे नुसता शेजारी नव्हता. दोघं एका सायकलवर वडनेरच्या शाळेत गेले होते, एकाच डोहात पोहायला शिकले होते आणि एकाच दिवशी नापास झाले होते. कडूबाच्या घरी पुरण शिजलं की त्याची बायको आशाबाई शांतवनचं ताट न सांगता वाढायची, आणि नाताळाच्या करंज्यांचा पहिला डबा कडूबाकडे जायचा. आता त्याच कडूबाच्या बापाची जमीन आपण खाल्ली, हे शांतवनला कळलं होतं.

परत करायचीच होती, त्याबद्दल त्याच्या मनात किंतु नव्हता. प्रश्न होता तो अर्धवट राहिलेल्या 'पन'चा. शांतवनने तो आपल्या परीने पुरा केला: पण कोणाला कळू देऊ नको. एकदम नऊ तास सोडले तर सारं शिवार विचारणार, का सोडले? मग गावातलं एकुलतं ख्रिस्ती घर चोर ठरणार आणि मेलेल्या बापाची अब्रू पारावर चघळली जाणार. म्हणून त्याने ठरवलं, जशी घेतली तशीच द्यायची. दरसाल एक तास आपल्या अंगाला सोडायचा, कोणाला न कळता. असलं नाजूक काम ट्रॅक्टरवाल्याला कसं सांगणार? म्हणून बैल ठेवले. ज्या चोरपावलांनी जमीन आली होती त्याच पावलांनी ती परत चालली होती, आणि यात काही चुकतं आहे हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातही आलं नाही.

आणखी एक निश्चय त्याने देवापुढे केला. धुरा जागेवर जाईपर्यंत प्रभुभोजन घ्यायचं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी नांदुऱ्याच्या उपासनेत पाळकसाहेब भाकरीची ताटली आणि द्राक्षरस घेऊन बाकांमधून फिरतात. शेजाऱ्याशी काही अडलेलं असेल तर ते आधी सोडवून यावं, मग हात पुढे करावा, अशी तिथली शिकवण. ताटली समोर आली की शांतवन मान लववायचा आणि हात मांडीवरच ठेवायचा.

आता गंमत पाहा. मंडळीला वाटलं, हा त्याचा नम्रपणा! "एवढा भला मानूस, तरी सोताले लायक समजत नाही," असं म्हणत आयाबाया आपल्या पोरांना त्याचं उदाहरण द्यायला लागल्या. त्याला कारभारी मंडळात घ्यायचं ठरलं. तो नको नको म्हणाला, तर तोही नम्रपणा झाला. जितका तो खाली वाकायचा तितके लोक त्याला उंच चढवायचे. खोटं सांगायचं तर त्याला ते अगदीच कडू लागत होतं. खरं सांगायचं तर थोडं गोडही लागत होतं. त्या गोडीची त्याला सगळ्यात जास्त शरम वाटायची. पहिल्या रविवारी घरी आला की तो जेवायचा नाही.

तिसऱ्या वर्षी त्याने मार्थाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "एवढंच ना?" ती म्हणाली. "मंग जा न् कडूबाभाऊले सांगून या. इथून दीडशे पावलं हाये त्याचं घर."

"तुले समजत नाही."

"हाव, मले कुठून समजीन!" आणि ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

ती दीडशे पावलं त्याच्याने चालवली नाहीत. उलट बाप गेल्यापासून तो वाट वाकडी करून दुसऱ्या गल्लीने जात होता, ते तसंच चालू राहिलं. शेतात कडूबा दिसला तर लांबूनच "राम राम" घालायचा आणि बैलांकडे वळायचा. कडूबाच्या मुलाच्या, दीपकच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि पंगत बसायच्या आत निघून आला.

इकडे धुऱ्यावर वेगळंच काही चाललं होतं. शांतवन दरसाल एक तास सोडत होता, पण कडूबा तो घेत नव्हता. त्याचा नांगर दरवर्षी जुन्या धुऱ्याशीच येऊन वळायचा. सोडलेली जमीन मधे तशीच पडली. तिच्यात कुंद्याचं गवत माजलं, दोन-चार बोरी उगवल्या, तितरांनी घरं केली. ज्या मुलखात वीतभर जमीन कोणी कोणाला सुटू देत नाही तिथे दोन शेतांच्या मधे चौदा फुटांचा हिरवा पट्टा उभा राहिला. जाणारे-येणारे म्हणत, "पाहा, शेजार असावा तं असा." शांतवनला वाटायचं, कडूबाच्या अजून ध्यानातच आलेलं नाही. कडूबाचं लक्ष तंबाखूवर असतं, हे तर सर्वांना माहीत होतं.

नववा तास झाला त्या दिवशी त्याने बैल सोडले आणि तो त्या गवतात जाऊन बसला. आता आत काहीतरी सुटेल, मोकळं होईल, अशी तो वाट पाहत होता. ऊन चढलं. बैल चरत चरत लांब गेले. काही सुटलं नाही. बापाने मोजायला चूक केली असेल, असं म्हणून त्याने पुढच्या साली दहावा तास सोडला, मग अकरावा. करता करता चौदा झाले. आता तर आपल्याच अंगची पाच फूट जमीन वर दिली होती! या वर्षी पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या रविवारी तो ठरवूनच गेला की आज घ्यायचं. ताटली आली. हात मांडीवरून उठला, ताटलीपर्यंत गेला आणि परत आला. परतीच्या जीपमध्ये त्याने खिडकीबाहेर तोंड करून मनातल्या मनात विचारलं, देवा, आता काय राहिलं?

पंधरा दिवसांनी मोजणीची नोटीस आली.

दीपकला नवी विहीर घ्यायची होती, म्हणून त्याने हद्द पक्की करून मागितली होती. एप्रिलच्या अखेरीची सकाळ, शेतं रिकामी, ढेकळं तापायला लागलेली. मोजणीवाल्या करिष्मा मॅडम आल्या. वय पंचविशीचं, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. गावचा कोतवाल दयाराम होता, दीपक होता, कडूबा बोरीच्या सावलीत तंबाखू मळत उभा होता. मार्था सगळ्यांसाठी चहाची किटली घेऊन आली होती. शांतवनला मोजणीची साखळी दिसेना. मॅडमच्या हातात एक लांब काठी होती आणि तिच्या टोकावर पांढरं टोपण.

"साखळी नाही आनली जी?"

"साखळीचे दिवस गेले, काका. हे यंत्र वरून घेतं. उपग्रहांकडून. बोटभर फरक पडत नाही."

"वरून?"

"हो ना. वरून."

शांतवनने मान वर केली. एप्रिलचं आभाळ, पांढरं, डोळ्यात न मावणारं. त्यात काहीच दिसत नव्हतं, आणि तिथून सगळं दिसत होतं. बापाचे नऊ तास, आपले चौदा, लांबून घातलेले राम राम, मांडीवर ठेवलेला हात. पंधरा वर्षं आपण कोणापासून लपवत होतो? भीती वाटायला हवी होती. पण भीतीच्या आधी सात वर्षांच्या पोराला वाटलं होतं तेच वाटलं, आणि अंगावर तसाच काटा आला. इतक्या उंचावरून कोणी इतकं बारीक पाहतं, वीत न् वीत पाहतं, आणि तरी पंधरा वर्षं याच जमिनीवर पाऊस पाडतं, तिच्यातून तूर उगवू देतं. त्याने डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. दयारामला वाटलं, उकडत असेल.

मॅडम काठी घेऊन चालत राहिल्या. एका ठिकाणी यंत्र वाजलं, तिथे त्यांच्या माणसाने चुन्याची चिमूट टाकली. मग दुसरी, तिसरी. चुन्याची रेघ पुढे सरकली तसा शांतवन तिच्या कडेने चालत गेला. रेघ हिरव्या पट्ट्यात नव्हती. ती पट्टा ओलांडून त्याच्या नांगरलेल्या शेतात आली होती, आत, सात फूट.

चौदा वर्षं एक एक तास परत केला होता, वर पाच दिले म्हणून मनातून फुशारलाही होता, आणि अजून सात फूट बाकी होते. बापाला स्वतःची चोरी पुरती आठवतही नव्हती. की आजोबांचाही नांगर कधी कलला होता? कोणाला विचारणार? या चालीने तो शंभर वर्षं नांगर हाकत राहिला असता तरी हद्द कुठे आहे हे त्याला कळलं नसतं.

दीपक अवघडून म्हणाला, "काका, हे तं अजून तुमच्या अंगाले निघालं."

"पान्यानं वाह्यला असंन धुरा," दयाराम लगेच म्हणाला. "मोठा पूर आलता नाही का? हिवराळ्याच्या घरात दुसरं काही होनार हाये का!"

"होतं असं," मॅडमही समजुतीने म्हणाल्या. "जुने धुरे सरकतातच. तुम्ही दोघं सह्या करा आणि खुणेचे दगड रोवून टाका."

कोणाच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. सगळे त्याला हात धरून सुखरूप बाहेर काढायला टपले होते. एक सही केली की जमीनही गेली असती आणि नावही राहिलं असतं. शांतवनने कडूबाकडे पाहिलं. कडूबा चुन्याच्या रेघेकडे बघतच नव्हता. तो शांतवनकडे बघत होता.

"पान्यानं नाही गेला," शांतवन म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याने ते पुन्हा म्हटलं. "पान्यानं नाही. माह्या बापानं कोरला. मरताना त्यानं मले सांगतलं. म्या चौदा साल एकेक तास वापस केला, पन चोरून. बापाचं नाव जाईन म्हनून. न् माहं बी. लोकं मले चांगला म्हनत, ते मले पाह्यजे होतं." त्याने हातातला रुमाल मुठीत आवळला. "कडूबा, तुह्या बापाची जमीन आमी चोरली. मले माफ कर."

मार्थाने किटली खाली ठेवली. कडूबाने तंबाखू थुंकली, दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "मालूम हाये."

"काय?"

"सारं मालूम हाये. माह्या बापाले बी मालूम होतं. तो म्हने, भांडू नको, प्रभुदास देवाचा मानूस हाये, एक दिवस सोताच येऊन सांगीन. बुवानं नाही सांगतलं, तसाच गेला. मंग पाह्यतो तं तू एकेक तास सोडून राह्यला. म्हटलं, हा तरी येईन. या साली येईन. पुढच्या साली येईन."

"मंग तू तो पट्टा कसला काऊन नाही?"

"काऊन कसू? तू तोंडानं देल्ला नाही, तं मी कसा घेऊ? मी काय चोर हाये का बे?"

दीपकला हसू आलं, ते त्याने गिळलं. पण कडूबा हसत नव्हता. पाऊणशे किलोचा तो माणूस चुन्याच्या रेघेवरून चालत पुढे आला आणि त्याचा आवाज चिरकला.

"जमीन जमीन काय लावलं! चौदा साल तू माह्या घरी चहाले आला नाही. पोराच्या लग्नात अक्षता टाकल्या न् उपाशी चालला गेला. आशानं तुहं ताट वाढून ठेवलं होतं, ते तसंच राह्यलं. दर महिन्याले शेगावले जातो मी. लोकं महाराजाले नातू मांगतात, नोकरी मांगतात. मी मांगतो का याचं तोंड उघडू दे. मले पट्टा नव्हता पाह्यजे, शांतवन. मले तू पाह्यजे होता."

बापाच्या मातीला न आलेलं पाणी तेव्हा आलं. भर शेतात, सरकारी बाईसमोर, कोतवालासमोर तो त्रेसष्ट वर्षांचा माणूस लहान पोरासारखा रडला. काय वाटलं ते त्याने नंतर मार्थाला सांगायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. आपण आयुष्यभर ज्याच्या मागे धावलो, ते सरळपण कुठेतरी फार वर, फार लांब असेल असं त्याने धरलं होतं. ते चौदा वर्षं धुऱ्यापलीकडे तंबाखू मळत उभं होतं, आपल्याच येण्याची वाट पाहत. देव मोजतो हे त्याला बापाने शिकवलं होतं. मोजून झाल्यावर तो वाट पाहतो, हे त्याला आज कळलं, आणि मोजण्याच्या धाकापेक्षा त्या वाट पाहण्याने त्याची छाती जास्त दडपली. देवाविषयी आपल्याला आजवर काहीच माहीत नव्हतं, असं त्याला वाटलं.

"घेतो मी," कडूबा नाक शिंकरून म्हणाला. "पट्टा बी घेतो न् सात फूट बी घेतो. नाही घेतलं तं तू आनखी चौदा साल तोंड लपवशीन." मग दोघांनी मिळून खड्डे खणले. दगड शांतवनने धरले, माती कडूबाने दाबली. मॅडम सह्या घेऊन गेल्या. जाताना त्यांनी शांतवनला नमस्कार केला.

दयाराम गावात पोचला आणि दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. पारावर कोणी म्हणालं, "हेच का ते खरं बोलनारं घर?" त्यावर एक म्हातारा म्हणाला, "खरंच तं बोलला बावा." दोन्ही बोलणी शांतवनच्या कानावर आली. त्या दिवशी त्याने कडूबाच्या ओसरीवर बसून तीन कप चहा घेतला आणि आशाबाईंच्या शिव्या खाल्ल्या.

मे महिन्याचा पहिला रविवार आला. उपासनेत शांतवन उभा राहिला आणि त्याने बापाचं व स्वतःचं सगळं सांगितलं, काही न झाकता. पुढच्या बाकावरच्या एका बाईने तोंड फिरवलं. प्रभुदासबुवांना पुरणारे म्हातारे पाळक कधीच गेले होते; आताचे पाळकसाहेब तरुण होते, ते वेदीकडे वळले. मग भाकरीची ताटली निघाली. पाळकसाहेब बाकांमधून येऊ लागले.

शांतवनच्या मनात होतं की आज तरी आपण सरळ होऊन बसलेले असू. तसं काही नव्हतं. नखात अजून दगडाखालची माती होती, आणि त्या तोंड फिरवणाऱ्या बाईचा त्याला राग आला होता. म्हणजे वाकडं होतंच. पण पोटात मात्र अशी आग पडली होती की तशी त्याला उभ्या जन्मात पडली नव्हती.

हा माणूस घेत नाही, हे पाळकसाहेबांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ते त्याच्यासमोर थांबलेच नाहीत. ताटली त्याच्या नाकासमोरून पुढच्या माणसाकडे गेली. सारी मंडळी पाहत असताना शांतवनने हात लांबवून त्यांचा झगा धरला.

"थांबा जी," तो म्हणाला. "मले बी द्या."

पाळकसाहेब वळले. "आज घेता?" त्यांनी हळूच विचारलं.

"हाव," शांतवन म्हणाला. "लई भूक लागली."